कान वाजतात, बोट वळतं, आवाज फुटतो

मागच्या अंकात मी एक साधी तक्रार केली होती. मिरजेत माझ्या घरापासून दहा मिनिटांवर सतारमेकरांची गल्ली आहे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे सूर गुंजवणारी घोडीची घडण, जरा बिघडली की लोक धारवाडहून, पुण्याहून तो गोधडीत गुंडाळून इथे घेऊन येतात, दिवसभर कारागिरासमोर बसतात. हेच लोक स्वतःचा कान बिघडला की माझ्या दवाखान्याची पायरी चढायला वर्षानुवर्षं लावायचे. एवढंच लिहिलं होतं. त्यावर चाळीसेक पत्रं आली. काहींनी मला संगीतद्वेष्टा ठरवलं. काहींनी मात्र आपली दुखणी इतक्या बारकाईने लिहिली की ती वाचताना मी चहा गार केला.

त्यातली सात इथे घेतली आहेत. मी पस्तीस वर्षं कान-नाक-घसा पाहिला, मेंदू नाही. म्हणून मेंदूच्या प्रश्नांवरची उत्तरं माझ्या एका न्यूरॉलॉजिस्ट मित्राकडून तपासून घेतली. मी तबला हौसेने वाजवतो, पत्नी गाणं शिकवते. त्यामुळे बाकीची तपासणी घरातच झाली, आणि ती जास्त कडक होती.

प्रश्न : मी बावीस वर्षांची आहे. तीन वर्षं पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवते. पावसाळ्यापासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव असतो. घरी आल्यावर कानात 'सूंऽऽ' असा आवाज येत राहतो, सकाळी बंद होतो. आई म्हणते सोडून दे, पथकातले दादा म्हणतात सवय होईल. कुणाचं ऐकू? – ताशावादक, पुणे

उत्तर : आईचं अर्धं ऐक, दादांचं अजिबात नको.

सवय होते म्हणजे काय होतं ते सांगतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तिच्यात बारीक केसांच्या पेशी ओळीने उभ्या असतात, आपण त्यांना रोमपेशी म्हणू. प्रत्येक कानात आतल्या ओळीत साडेतीन हजारांच्या आसपास, बाहेरच्या ओळींमध्ये बारा हजारांच्या आसपास. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. त्वचेसारख्या त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने हे केस आधी लवतात, मग मोडतात. तुझ्या कानातला 'सूंऽऽ' ही त्या लवलेल्या गवताची खूण आहे. कानाकडून येणारी बातमी कमी झाली की मेंदू आपल्याकडचा आवाज वाढवून बसतो, आणि ती खरखर तुला ऐकू येते.

सकाळी थांबतो म्हणजे झालं बरं, असं आम्ही डॉक्टरसुद्धा खूप वर्षं मानत होतो. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या बॉस्टनच्या दोन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणचाचणी पुन्हा नॉर्मल आली, रोमपेशीही जागेवर होत्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कानाच्या काही भागात रोमपेशी आणि मज्जातंतू यांचे जोड निम्म्याच्या आसपास नाहीसे झाले होते, कायमचे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण हा प्रयोग वाचल्यापासून 'सकाळी थांबलं ना, मग जाऊ दे' हे वाक्य मी कुठल्याही पेशंटला म्हटलेलं नाही.

आता हिशेब. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, असं कामाच्या ठिकाणचं एक सर्वमान्य मोजमाप आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. मोबाईलवर आवाज मोजणारं एखादं ॲप घे. आकडा थोडाफार चुकेल, पण अंदाज येईल. सरावात तुझ्या कानाजवळ धरून बघ. तो १०० च्या खाली दिसला तर मला जरूर कळव, मी पुण्याला येऊन तुमच्या पथकाचा सत्कार करीन. आणि सराव नदीपात्रात उघड्यावर तरी असतो. मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून तोच आवाज परत अंगावर येतो.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नकोस. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या ऑपेराची तालीम चालू होती. ट्रम्पेटवाल्यांच्या पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाचे कान त्या तालमीत कायमचे दुखावले. तो कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये जिंकला. 'आम्ही गोंगाट करत नाही, कला सादर करतो' हा बचाव कोर्टाने मानला नाही.

माझंही सांगतो. चौदा वर्षांचा असताना मी इथल्या गणपती मंडळात ताशा वाजवायचो. मिरजेची विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि आम्ही शेवटपर्यंत हटायचो नाही. आज माझ्या डाव्या कानाच्या श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी विहिरीसारखा खड्डा आहे. मला बोलणं ऐकू येतं, पण त्यातला 'स' येत नाही. नात म्हणते, "आजोबा, साखर," आणि मी विचारतो, "कसली आखर?"

तर आईचं अर्धं म्हणजे हे. संगीतासाठी बनवलेले कानातले प्लग घे. ते सगळे स्वर सारखेच कमी करतात, त्यामुळे ताशाची तडतड कळते आणि हात चुकत नाही. साधे फोमचे बोळे चालतील, पण ते वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं गोधडीआडून ऐकल्यासारखं वाटतं. कापूस घालू नकोस, त्याने काहीही अडत नाही, फक्त समाधान मिळतं. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं रांगेतून बाहेर ये आणि लांब जाऊन उभी राहा. सराव सुरू होण्याआधी एक आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी एक, अशा दोन ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचण्या, करून कागद जपून ठेव. वाजणं चोवीस तासांत थांबलं नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. या बाबतीत दोन-तीन दिवस थांबणंसुद्धा महागात पडतं.

दादांनाही एकदा चाचणी करायला सांग. सवय कशाला म्हणतात ते त्यांच्या आलेखात दिसेल.

प्रश्न : वय ४४. साथीचे कार्यक्रम आणि तबल्याच्या शिकवण्या यावर घर चालतं. दोन वर्षांपासून 'ना' हा बोल वाजवताना उजव्या हाताची अनामिका आपोआप तळव्याकडे वळते. दुखत नाही. जेवताना, लिहिताना, नट पिळताना काही त्रास नाही. एक्स-रे झाला, मानेचा एमआरआय झाला, सगळं ठीक. एका डॉक्टरांनी मनाचा खेळ म्हटलं. गुरुजी म्हणाले रियाज कमी पडतोय. म्हणून रोज पाच तास बसतो, तर बोट आणखीच वळतं. – तबलावादक, सोलापूर

उत्तर : गुरुजींची मनोमन क्षमा मागा आणि ते पाच तास आजच थांबवा.

तुमच्या पत्रातली प्रत्येक ओळ एकाच दिशेला बोट दाखवते. दुखत नाही, फक्त वाद्यावरच होतं, एकच बोट, चाळिशीतला पुरुष, आयुष्यभर तोच बोल लाखो वेळा वाजवलेला. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. व्यावसायिक वादकांत शंभरात एखाद्याला तो होतो असा अंदाज आहे. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान न्यूरॉलॉजिस्टच करतील. पण मनाचा खेळ हा शब्द डोक्यातून काढून टाका.

मेंदूत प्रत्येक बोटाचा आपापला तुकडा असतो. शेतीच्या भाषेत सांगतो. शेजारी-शेजारी पाच वावरं आणि मध्ये बांध. १९९५ साली थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तारवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचं मोजमाप केलं. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची वावरं इतरांपेक्षा मोठी निघाली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांची आणखी मोठी. म्हणजे रियाजाने मेंदूत जमीन वाढते, ही गोष्ट खरी. पण डिस्टोनिया झालेल्या वादकांत असं दिसतं की वावर वाढता वाढता मधला बांधच कोरला गेला आहे. एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्या बोटालाही जातो. तलाठ्याकडे जाऊन हा बांध परत घालता येत नाही, आणि आणखी नांगरलं तर उरलेलाही जातो. तुमचे पाच तास म्हणजे ते नांगरणं आहे.

'ना'मध्येच हे का होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, पडते आणि त्याच क्षणी अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकून स्तब्ध राहायची असते. तिच्या त्या स्पर्शानेच पुडीचा मूळ ठोसर आवाज दबतो आणि स्वर मोकळा होतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आपल्या तालवाद्यांवर लिहिलं ते याच गुणाबद्दल, की शाईमुळे या पुड्या तारेसारखे सुरेल उपस्वर देतात. म्हणजे 'ना' हे काम असं आहे की एका बोटाने जोरात मारायचं आणि त्याच्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याने जागचं हलायचं नाही. बांध शाबूत असल्याशिवाय ते होत नाही.

वादकांची दुखणी डॉक्टर गंभीरपणे घेत नाहीत, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. त्याचा एक नमुना सांगतो. १९७४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सेलो (गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं तारवाद्य) वाजवणाऱ्या पुरुषांच्या अंडकोशाला होणाऱ्या त्रासाबद्दल एक छोटं पत्र छापून आलं. पुढे चौतीस-पस्तीस वर्षं लोक त्याचा दाखला देत राहिले. २००९ मध्ये ते लिहिणाऱ्या डॉक्टर इलेन मर्फी यांनी कबूल केलं की ती थट्टा होती. सेलो वाजताना कधी पाहिला असता तरी कळलं असतं की तो तिथे लागतच नाही. थट्टा छापली गेली, आणि बोट वळणाऱ्या माणसाला त्या काळात बहुतेक ठिकाणी 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगत.

आता करायचं काय. हालचालींच्या विकारांचा अनुभव असलेल्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि तबला-डग्गा बरोबर न्या. हसू नका, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. हा आजार रिकाम्या हातात दिसतच नाही, म्हणून तुमचे सगळे रिपोर्ट ठीक आले. ओपीडीत वाजवू देत नसतील तर बाजूने आणि वरून असा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. घरी एकदा पातळ रबरी हातमोजा घालून 'ना' वाजवून बघा. स्पर्श बदलला की काहींचं बोट सरळ राहतं. राहिलं तर ते डॉक्टरांना सांगा, निदानाला मदत होते. वळणाऱ्या स्नायूत अगदी मोजून बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो. त्याबरोबर अतिसंथ लयीत, आरशात बघत, बोटांना पुन्हा शिकवणं असतं. त्याला महिने नव्हे, वर्षं लागतात. २०१७ साली बंगळुरूत एका गिटारवादकावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तो जागा होता आणि टेबलावर गिटार वाजवत होता, म्हणजे बोटं कधी सुटतात ते सर्जनला तिथल्या तिथे कळावं. तो शेवटचा उपाय आहे, तुम्ही तिथवर पोचलेला नाहीत.

सगळे पूर्ण बरे होतात असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं १९६० च्या दशकात अशीच वळली. तीस वर्षं त्यांनी डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, शिकवलं, वाद्यवृंद चालवला. मग बोटॉक्स आलं आणि ते पुन्हा दोन हातांनी वाजवू लागले. हे वाचून पत्नी म्हणाली, "कुमारांचं लिहा." क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्व देवासला काही वर्षं न गाता राहिले आणि परतले ते वेगळं गाणं घेऊन. पण क्षयाला औषध होतं, आणि तुम्हाला उद्याच्या शिकवणीचं बघायचं आहे, म्हणून मी फ्लायशरच लिहिले.

शिकवण्या चालू ठेवा, फक्त हाताऐवजी तोंडाने. पढंत करा आणि डोक्यात हात चालवा. १९९५ सालच्याच एका प्रयोगात काही लोकांनी पाच दिवस पियानोवरचा बोटांचा धडा प्रत्यक्ष वाजवला आणि काहींनी फक्त मनात वाजवला. मेंदूतल्या बोटांच्या नकाशात दोघांतही जवळपास सारखाच बदल दिसला. तुमच्या घराण्यातल्या म्हाताऱ्यांना हे मोजायची गरज वाटली नसती.

प्रश्न : विलंबित ख्याल ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो तो समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नाही, समेच्या दोन मात्रा आधी. मुलगा म्हणतो हे तुमचं काहीतरीच. – निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : गुरुजी, तुमची दोन मात्रांची मोजणी मुलाला दाखवा आणि खाली हे वाचून दाखवा.

कॅनडात माँट्रियलला रॉबर्ट झटोरे आणि त्यांचे सहकारी याच गोष्टीच्या मागे आहेत. २००१ मध्ये त्यांनी लोकांना आपापल्या आवडीचं, हमखास शहारा आणणारं संगीत आणायला सांगितलं आणि ते ऐकताना मेंदूचा रक्तप्रवाह मोजला. जेवण आणि अशाच मूलभूत सुखांशी जोडलेले भाग जागे झाले. २०११ मध्ये वलोरी सालिमपूर यांच्याबरोबर ते आणखी पुढे गेले आणि डोपामीन हे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन कुठे आणि कधी सुटतं ते पाहिलं. शहाऱ्याच्या क्षणी ते एका केंद्रात सुटत होतं. पण त्या क्षणाच्या आधी, म्हणजे 'आता येणार, आता येणार' या अवस्थेत, ते दुसऱ्याच केंद्रात सुटत होतं. वाट पाहण्याला मेंदूत स्वतःची वेगळी जागा आहे.

प्रयोगातलं संगीत बहुतेक पाश्चात्त्य होतं. मला नेहमी वाटतं की त्यांनी झुमऱ्यासारख्या संथ तालात चालणारा एखादा ख्याल घेतला असता तर काम सोपं झालं असतं. गायक आवर्तनभर भटकतो, तबलजीचा ठेका तुम्हाला सांगत असतो की घर किती लांब आहे, आणि समेकडे नेणारा मुखडा उचलला की सगळी बैठक एक श्वास अडवून धरते. तिथे तुमचा काटा. समेवर पडतो तो सुस्कारा. एका आवर्तनात दोन्ही गोष्टी इतक्या सुट्या करून दाखवणारं संगीत प्रयोगशाळेला आणखी कुठे मिळणार?

मुलाला रागावू नका. काही माणसांना संगीताने काहीच होत नाही. कान चांगला असतो, बाकीची सुखं कळतात, पण संगीत कोरडं लागतं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा लोकांचा रीतसर अभ्यास केला. अर्थात तुमचा मुलगा तसाच असेल असं नाही, नुसता चेष्टाही करत असेल.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा, सहा वर्षं गाणं शिकतो. दोन महिन्यांपासून आवाज मध्येच चिरकतो. स्पर्धा दीड महिन्यावर आहे. क्लासमध्ये म्हणतात पहाटे खर्ज (खालचे स्वर) लाव, वरची पट्टी सोडू नकोस, दही-ताक बंद. सगळं करतोय, आवाज बसतच चाललाय. – आई, नाशिक

उत्तर : ताई, मुलाचा आवाज बिघडलेला नाही, फुटतो आहे. या वयात मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याची पट्टी साधारण एक सप्तक खाली उतरते. वाद्य बदललं, पण वाजवणाऱ्या मेंदूला अजून जुन्याच वाद्याची सवय आहे. म्हणून चिरकतो. जुन्या संगीत नाटक कंपन्यांत स्त्री-भूमिका करणाऱ्या पोरांवर हीच वेळ यायची, आणि तेव्हा नुसता आवाज जायचा नाही, नोकरीही जायची. तुमच्या मुलाची फक्त एक स्पर्धा जाईल. जाऊ द्या.

वरची पट्टी ताबडतोब सोडा. काळी चार या पट्टीचा षड्ज (सा) लावला की स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात. सलग तासभर तोच स्वर धरला तर साडेसात लाखांच्या घरात. वाढत्या, सुजलेल्या तंतूंवर हे जोर लावून केलं की दोन्ही तंतूंच्या पुढच्या भागात समोरासमोर गाठी धरतात. तरुण गायिकांत, शिक्षिकांत, भाजीवाल्यांत मी त्या शेकड्याने पाहिल्या आहेत. त्यांवर पहिला उपाय सुरी नव्हे, आवाजाला आराम आणि स्वर-उपचारतज्ज्ञांकडून पुन्हा नीट बोलायला शिकणं. सहा महिने, वर्षभर मुलाने जिथे सहज लागतो तिथेच गावं, मग ती पट्टी दर महिन्याला बदलली तरी चालेल. खर्ज चांगलाच, पण तो आपोआप येईल तेवढाच. घसा दाबून काढलेला खर्ज आणि ओरडणं यांत स्वरतंतूंना फारसा फरक दिसत नाही. मधल्या काळात तंबोरा लावणं, ताल, ऐकणं यांवर भर द्या.

दह्याचं सांगतो. आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, आणि गिळताना ते दार बंद होतं. दही तिथे पोचलं तर ठसका लागेल, आवाज बसणार नाही. गायकांचा आवाज सकाळी जड होण्याचं मी पाहिलेलं मोठं कारण वेगळंच आहे. कार्यक्रमानंतर रात्री एकला तिखट रस्सा, भाकरी आणि लगेच आडवं होणं. पोटातलं आम्ल वर येतं आणि रात्रभर स्वरतंतूंना धुतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. दुपारी ताक खुशाल प्या. (पत्नीचं मत या परिच्छेदाच्या विरुद्ध आहे. तिच्या क्लासच्या दारावर 'आंबट वर्ज्य' अशी पाटी आहे, आणि ती उतरवायला ती तयार नाही.)

आवाज बसलेलाच राहून तीन आठवडे झाले, तर मात्र एकदा दुर्बिणीने तंतू पाहून घ्या.

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे. गावच्या भजनी मंडळात बुवा होते. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. तेव्हापासून 'हो' आणि 'अगं' सोडून शब्द निघत नाही. पण पहाटे काकड्याचा आवाज आला की अख्खा अभंग शब्दांसकट म्हणतात. भावकीतले म्हणतात, नाटक करतात. – सून, जि. सातारा

उत्तर : नाटक नाही. भावकीला हे पान दाखवा.

बोलण्याचं मुख्य काम बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, हे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी दाखवलं. गाण्याचं काम दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं, आणि शेकडो वेळा म्हटलेला अभंग तर एकेक शब्द जुळवून म्हटला जात नाही, गाडीसारखा रुळावरून आपोआप पुढे जातो. सोव्हिएत संगीतकार विसारिओन शेबालिन यांना दोन झटके आले. दुसऱ्यानंतर त्यांना धड बोलता येईना, सांगितलेलं समजेना. त्याच अवस्थेत त्यांनी पाचवी सिम्फनी लिहून पूर्ण केली. अलेक्झांडर लुरिया यांच्यासारख्या मेंदूतज्ज्ञाने त्यांच्यावर लेख लिहिला.

यातूनच १९७३ मध्ये बॉस्टनला एक उपचारपद्धत आकाराला आली, सुरातून बोलायला शिकवण्याची. वाचा-उपचारतज्ज्ञ ती नीट शिकवतील, पण ढाचा असा. अभंग नाही घ्यायचा. रोज लागणारे दोन-तीन शब्द घ्यायचे, 'पाणी दे', 'बस झालं'. ते दोनच स्वरांवर, षड्ज आणि कोमल गंधारावर म्हणायचे, जोराचा अक्षरभाग वर. प्रत्येक अक्षराला तुम्ही त्यांच्या डाव्या हाताची थाप मांडीवर द्यायची. आधी दोघांनी मिळून, मग तुम्ही मध्येच थांबायचं, मग त्यांनी एकट्याने, आणि हळूहळू सूर काढून टाकायचा. टाळ धरलेल्या माणसाला थापेचं वेगळं शिकवावं लागणार नाही.

अपेक्षा माफक ठेवा. अभंग अख्खा येतो म्हणून बोलणंही अख्खं परत येईल असं नाही, आणि या पद्धतीचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. रोज अर्धा तास, निदान तीन महिने. आणि पहाटेचा काकडा बंद करू नका. 'घरात गोंधळ होतो' म्हणून कुणीतरी तसं सुचवलंय, असं तुमच्या पत्रात शेवटी आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि दुसऱ्या खोलीत झोपायला सांगा.

प्रश्न : पत्नीला सहावा महिना आहे. मोझार्ट ऐकवल्याने बाळाची बुद्धी वाढते म्हणतात. एका कंपनीचं पॅकेज अठरा हजारांचं आहे. घेऊ का? – ठाणे

उत्तर : नको. १९९३ च्या मूळ प्रयोगात बाळ नव्हतंच. कॉलेजातली ३६ मुलं होती. दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची सोनाटा ऐकल्यावर कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी त्यांनी थोडी बरी सोडवली, आणि तो फरक पंधराएक मिनिटांत विरला. पुढे कळलं की आवडतं काहीही ऐकून तरतरी आली की तेवढं होतंच. तोवर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला सीडी वाटायचा प्रस्ताव मांडूनही झाला होता.

सहाव्या महिन्यापासून बाळाला आवाज येऊ लागतात, आणि सगळ्यांत जास्त येतो तो आईचा. तिला गुणगुणू द्या. पोटावर हेडफोन लावू नका. अठरा हजारांत मिरजेत बऱ्यापैकी तंबोरा येतो का, हे मी चौकशी करून कळवतो. इथल्या तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाल्यापासून भाव वाढलेत म्हणतात.

प्रश्न : स्टेजवर हात थरथरतात. मैत्रिणीने तिची धडधड कमी करणारी गोळी दिली आहे. पुढच्या शनिवारी हार्मोनियमची परीक्षा आहे. घेऊ का? – विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : ही गोळी काम करते, हे खरं आहे. १९७७ मध्ये 'लॅन्सेट'ने तारवाद्य वाजवणाऱ्यांवरचा प्रयोग छापला होता. अशा जातीच्या औषधाने थरथर कमी झाली आणि वादन सुधारलं. जगभरच्या वाद्यवृंदांत ती गुपचूप घेतली जाते. पण तुझ्या पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की लहानपणी दमा होता आणि थंडीत अजूनही पंप लागतो. दम्याच्या माणसाला याच गोळीने श्वासनळ्या आवळून धाप लागू शकते, आणि ती वेळ परीक्षकांसमोर नको. गोळी मैत्रिणीला परत कर. शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी शेजारच्या चार माणसांना बोलावून पूर्ण परीक्षा वाजव, चुकलीस तरी न थांबता. परीक्षेच्या आधी बोटं गार पडत असतील तर कोमट पाण्यात धरून कोरडी कर. निकाल काय लागला ते कळव.